आरोग्याची सरकारी आकडेवारी पाड्यावरच्या बैठकीत कशी मांडावी? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही नाशिकमधील चौघे जण सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील काही गावांत, शासनाने सर्वांसाठी खुली केलेली आरोग्यविषयक आकडेवारी लोकांसोबत बसून वाचण्याचा प्रयत्न करीत आहोत. आकडेवारी मिळवणे फारसे अवघड गेले नाही. खरी अडचण ती फळ्यावर लिहिल्यानंतर सुरू होते.

पहिल्या बैठकीत आम्ही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील आकडे सांगितले. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील महिलांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते, ते २०१९-२१ च्या फेरीत ५४.२ टक्के झाले. सर्वांनी माना डोलावल्या आणि एका आजींनी विचारले, "आमच्या पाड्यावर किती?" हे सर्वेक्षण निवडक कुटुंबांच्या नमुन्यावर आधारलेले असल्याने त्याचे निष्कर्ष जिल्ह्याच्या खाली उतरत नाहीत, आणि आपल्या नाशिक जिल्ह्यात तर सधन, बागायती निफाडही येतो आणि डोंगराळ, आदिवासी सुरगाणाही. आजींना काय सांगावे, हे आम्हाला सुचले नाही.

म्हणून पुढच्या खेपेस आम्ही आरोग्य केंद्रांच्या मासिक नोंदींवरून तयार होणारे तालुकानिहाय लसीकरणाचे आकडे नेले, आणि तेथे अधिकच गुंता झाला. द्राक्षबागांच्या छाटणीसाठी दिंडोरी-निफाडकडे गेलेल्या कुटुंबातील बाळाला तिकडे लस मिळाली, तर तिची नोंद तिकडच्या केंद्रात होते. मात्र बाळ मोजले जाते गावच्या अंदाजित संख्येत, आणि तो अंदाजही २०११ च्या जनगणनेवरून पुढे ओढलेला असतो. टक्केवारी कमी दिसताच बैठकीतल्या आशाताईंचा चेहरा उतरला. दारोदार फिरणाऱ्या बाईलाच आपण सर्वांसमोर जाब विचारल्यासारखे झाले, याची रुखरुख अजून आहे.

आता असे वाटते की आशाताईंच्या वहीतील नोंदी आधी ग्राम आरोग्य समितीत जुळवून घ्याव्यात आणि सरकारी आकडा त्यानंतर शेजारी ठेवावा. असे कोणी केले आहे का? दुसरे म्हणजे, शंभर-दीडशे उंबऱ्यांच्या गावात एका मातामृत्यूचा आकडा लिहिला तरी घर कोणते ते सर्वांना कळते. अशा वेळी किती गावे एकत्र करून आकडा मांडावा?

ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की निम्मी घरे बंद होतात, तेव्हा त्याआधी उत्तरे मिळाल्यास पुढची बैठक घेता येईल.