मेगामिंक्स: पहिल्या दोन थरांनंतर वर चढायचं की बाजू पुरी करत जायचं?

कोनाडा:
मेगामिंक्स म्हणजे रुबिक क्यूबसारखं, पण बारा पंचकोनी बाजूंचं कोडं. त्याला १२ सेंटर (बाजूच्या मधोमधचे तुकडे), ३० एज (कडेचे, दोन रंगांचे) आणि २० कॉर्नर (कोपऱ्याचे, तीन रंगांचे). सेंटर एकमेकांच्या संदर्भात हलत नाहीत, म्हणजे लावायचे तुकडे ५०. पांढरी बाजू खाली धरली की ताऱ्याचे (पांढऱ्या सेंटरभोवतीचे) ५ एज आणि त्याभोवतीच्या ५ जोड्या (पांढरा कॉर्नर + त्याच्या डोक्यावरचा उभा एज) धरून १५ तुकडे लागतात. शेवटच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या राखाडी बाजूचे १०. उरले २५, म्हणजे निम्मं काम मधल्या पट्ट्यात आहे. तरी चर्चा नेहमी ताऱ्याची किंवा शेवटच्या थराची होते.

पांढऱ्या बाजूला लागून असलेल्या पाच बाजू म्हणजे खालचं कडं, राखाडीला लागून असलेल्या पाच म्हणजे वरचं कडं. या २५ चा हिशेब असा: खालच्या कड्यातल्या दोन बाजू आणि वरच्या कड्यातली एक बाजू जिथे भेटतात ते ५ कॉर्नर (यांना 'खोबणीचे' म्हणू), दोन कड्यांमधले नागमोडी १० एज, खालच्या प्रत्येक बाजूच्या टोकाचे ५ कॉर्नर आणि त्या टोकांवर उभे असलेले ५ एज.

थरवार शिकवतात तो क्रम: खोबणीचा कॉर्नर आणि एक नागमोडी एज अशा ५ जोड्या, मग उरलेले ५ नागमोडी एज सुटे, मग टोक + उभा एज अशा ५ जोड्या. माझं म्हणणं आहे की हा क्रम शिकण्यापुरता ठीक, वेग वाढवायला चुकीचा. खोबणीत कॉर्नर बसला की ती वरची बाजू मोकळी फिरवता येत नाही. फिरवली तर परत आणावीच लागते. म्हणजे पाच जोड्या झाल्या की वरच्या कड्यातली एकही बाजू मोकळी नाही आणि १५ तुकडे अजून बाकी.

त्याऐवजी खालच्या कड्यातली एक बाजू पूर्ण करा (२ खोबणीचे कॉर्नर, २ एज, १ टोक), मग तिच्या शेजारची, मग त्याच दिशेने पुढची. सामाईक कॉर्नरमुळे तुकडे लागतात ५, ४, ४, ४, ३. एक बाजू झाली की वरच्या ३ बाजू मोकळ्या, दोन झाल्या की २, तीन झाल्या की १. मोकळीक संपते तेव्हा फक्त ८ तुकडे उरलेले असतात. १५ आणि ८ हा फरक लहान नाही.

थरकरी:
हिशेब बरोबर, निष्कर्ष पटला नाही. वेळ फक्त फिरवण्यात जात नाही, शोधण्यात जातो. बारा बाजूंचं कोडं एका नजरेत दिसतच नाही. थरवार क्रमात पहिल्या टप्प्यात डोळे फक्त खोबणीचे ५ कॉर्नर हुडकतात, आणि पाचांतला कुठलाही सापडला तरी चालतो. तुमच्या पद्धतीत 'याच बाजूचा, हाच तुकडा' हवा असतो. तो मागे खाली दडला असेल तर अख्खं कोडं फिरवून बघा.

रंगांचाही प्रश्न आहे. नेहमीच्या रंगरचनेत पांढऱ्याभोवती निळा, पिवळा, जांभळा, हिरवा, लाल आणि राखाडीभोवती नारिंगी, पोपटी, गुलाबी, क्रीम, आकाशी असतात. नागमोडी एजवर एक रंग खालच्या कड्याचा आणि एक वरच्या कड्याचा. पिवळा-क्रीम आणि हिरवा-पोपटी यांत गफलत होते ती नेमकी इथेच. एका वेळी एकाच जातीचे तुकडे बघत असाल तर चूक लगेच लक्षात येते. वेगवेगळ्या जातींचे तुकडे मिसळून बघितले तर चुकीचा एज बसवून पुढे जाता आणि दोन बाजूंनंतर कळतं.

शिवाय 'मोकळीक संपली' म्हणजे कोंडी झाली असं नाही. टोकांच्या पाचही जागा रिकाम्या असतात. बाजू एक पाऊल (पूर्ण फेऱ्याचा पाचवा भाग) वर उचलायची, एज सारायचा, बाजू परत खाली. यात अवघड काय?

कोनाडा:
अवघड नाही, लांब आहे. मोकळ्या बाजूवर तेच काम एका-दोन पावलांत होतं आणि परत आणण्याची पावलं लागत नाहीत. पाच सुट्या एजना प्रत्येकी तो हेलपाटा घालायचा, हा खर्च तुम्ही मोजलाच नाही.

शोधण्याचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मान्य. पण बाजूवार क्रमातही एकच तुकडा शोधावा लागतो असं नाही. सुरुवातीच्या बाजूला पाचांतला कुठलाही चालतो.

पंचकोनी:
दोघेही खालच्या कड्याच्या नजरेने बघताय. वरच्या कड्याची बाजू एकक धरून बघा. वरच्या प्रत्येक बाजूच्या खालच्या अंगाला एक पाचर आहे: मध्ये खोबणीचा कॉर्नर, त्याच्या डावी-उजवीकडे दोन नागमोडी एज. तीन तुकडे. अशा पाच पाचरी भरल्या की १५ तुकडे झाले आणि उरतात फक्त टोक + उभा एज अशा पाच जोड्या.

फायदा असा की एक पाचर एकच वरची बाजू अडवते. कोनाडांच्या पद्धतीत पहिली खालची बाजू पुरी करताच वरच्या दोन अडतात. इथे पहिल्या पाचरीनंतर ४ मोकळ्या, मग ३, २, १. मोकळीक संपते तेव्हा १० तुकडे बाकी असतात, म्हणजे ८ पेक्षा दोन जास्त. पण ते दहाही ओळखीचे आहेत. टोकाच्या कॉर्नरला लागून दोन नागमोडी एज आधीच बसलेले असतात आणि तिसरा एज उभा. हा ३×३ क्यूबच्या पहिल्या दोन थरांचाच खड्डा आहे. आर यू आर’ आणि त्याची भावंडं जशीच्या तशी चालतात, नवं काही पाठ करायचं नाही. (आर उजवी बाजू, यू सगळ्यात वरची, एफ समोरची, एल डावी, ’ म्हणजे घड्याळाच्या उलट, २ म्हणजे दोन पावलं, १४४ अंश.)

एक पथ्य पाळा: पाचरी ओळीने भरा, एक सोडून एक नको. पहिली आणि तिसरी भरली तर दुसरी बाजू दोन भरलेल्यांच्या मध्ये एकटी पडते. ती मोकळी असते, पण तिथे तुकडा नेण्या-आणण्याचा एकच रस्ता उरतो, सगळ्यात वरच्या बाजूवरून. ओळीने गेलात तर मोकळ्या बाजू एकमेकींना चिकटून राहतात आणि तीन तुकड्यांचा गठ्ठा तिथेच जुळवून एका पावलात खाली उतरवता येतो. गठ्ठा जमत नसेल तर आधी कॉर्नर + एक एज, मग दुसरा एज.

थरकरी:
हे पटण्यासारखं आहे, कारण शोध तीन तुकड्यांपुरता राहतो आणि तिन्हींवर वरच्या बाजूचा एक सामाईक रंग असतो. गुलाबी पाचर भरायची तर गुलाबी तुकडेच बघायचे. नवशिक्याला मात्र मी अजूनही थरवारच शिकवीन. पाचर म्हणजे काय हे समजायला आधी नागमोडी रेषा डोळ्यांना दिसायला लागते, आणि ती थरवार सोडवूनच दिसते.

कोनाडा:
शेवटच्या पाचरीचं काय? तिच्या दोन्ही शेजाऱ्या भरलेल्या, म्हणजे गठ्ठा जुळवायला चिकटून मोकळी बाजूच नाही. माझ्या क्रमात शेवटच्या बाजूलाही हीच अडचण येते हे कबूल, पण पंचकोनींनी ती सांगायला हवी होती.

पंचकोनी:
बरोबर, ती एक पाचर तुकड्या-तुकड्यानेच भरावी लागते. म्हणून शेवटी कुठली ठेवायची हे निवडा: जिचे तुकडे आधीच सगळ्यात वरच्या बाजूवर आलेले दिसतात ती. सुरुवात कुठून करायची यापेक्षा ही निवड जास्त पावलं वाचवते.

फिरकी:
मधल्या पट्ट्यावर इतकं बोलणं झालं, पण क्रमाचा खरा घोटाळा शेवटच्या थरात होतो. माझं मत: ३×३ चा क्रमच ठेवावा. आधी एज आणि कॉर्नर दोन्ही सरळ करायचे (शेवटच्या बाजूचा रंग वर आणायचा), मग कॉर्नर जागेवर, शेवटी एज जागेवर. दोन कॉर्नर आणि दोन एज बदलायचे असतील तर टी-पर्म हे ३×३ चं सूत्र आहेच. हात बसलेले असताना नवा क्रम कशाला?

पंचकोनी:
टी-पर्मचा परिणाम इथे मिळणं शक्यच नाही. मेगामिंक्सचं प्रत्येक पाऊल पाच एजचं एक चक्र आणि पाच कॉर्नरचं एक चक्र असतं. पाचाचं चक्र सम क्रमबदल असतो, म्हणजे सम संख्येच्या अदलाबदलींनी होणारा. म्हणून एजचा क्रमबदल नेहमी सम आणि कॉर्नरचाही नेहमी सम, दोन्ही स्वतंत्रपणे. फक्त दोन एज अदलाबदल झालेले दिसले, कॉर्नरच्या अदलाबदलीसकट दिसले तरी, तर कोडं उघडून चुकीचं जोडलेलं आहे. शेवटच्या पाच एजच्या १२० रचनांपैकी ६० च येऊ शकतात.

क्रम सवयीने ठरवू नका, कुठलं सूत्र कशाला धक्का लावत नाही यावरून ठरवा. त्यावरून माझा क्रम: एज सरळ, एज जागेवर, कॉर्नर जागेवर, कॉर्नर सरळ.

एज सरळ: उलटे एज ०, २ किंवा ४ च असतात, १६ पैकी १ वेळा शून्य, १० वेळा दोन, ५ वेळा चार. दोन उलटे शेजारी असतील तर ते समोर आणि उजवीकडे धरून एफ यू आर यू’ आर’ एफ’. मध्ये एक सरळ एज असेल तर तो उजवीकडे येईल असं धरा, म्हणजे उलटे दोन समोर आणि मागे-उजवीकडे, आणि एफ आर यू आर’ यू’ एफ’. चार उलटे असतील तर हे दुसरं सूत्र एकदा करून दोनवर आणा. फक्त समोरचा आणि मागे-उजवीकडचा दोन्ही उलटेच असायला हवेत.

एज जागेवर: आर यू आर’ यू आर यू२’ आर’. समोरचा आणि डावीकडचा एज जागीच राहतात, उजवीकडचा मागे-उजवीकडे, तिथला मागे-डावीकडे आणि तिथला उजवीकडे येतो. कॉर्नर हलतात, म्हणूनच हे कॉर्नरच्या आधी. ३×३ वर यू२ आणि यू२’ एकच असतात, इथे नाहीत. यू२ केलंत तर समोर-उजवीकडची जोडी आपल्या घरी परतत नाही आणि खालचं बसलेलं मोडतं. 'सूत्र चालत नाही' ही तक्रार येते ती बहुतेक या एका खुणेमुळे.

कॉर्नर जागेवर: ३×३ वरचं आर यू’ एल’ यू आर’ यू’ एल यू इथे केलं तर काहीच होत नाही, कोडं होतं तसं परत येतं. पाच बाजूंच्या कड्यात एक पाऊल कमी पडतं आणि दोन हालचाली एकमेकींना शिवतच नाहीत. यू जागी यू२ घाला: आर यू२’ एल’ यू२ आर’ यू२’ एल यू२. एज न हलवता तीन लगतचे कॉर्नर फिरतात: समोर-उजवा, त्याच्या मागचा आणि सगळ्यात मागचा. त्यांचा पीळ (जागच्या जागी वळलेपण) बदलू शकतो, म्हणून पीळ काढायचं काम यानंतर.

फिरकी:
सम क्रमबदलाचा मुद्दा निर्विवाद आहे, टी-पर्मचं मत मागे घेतो. पण कॉर्नर शेवटी सरळ करताना खालचं सगळं विस्कटल्यासारखं दिसतं. एका चुकीवर अख्खं कोडं जातं. शेवटच्या टप्प्याला इतका जोखमीचा प्रकार ठेवणं मला योग्य वाटत नाही.

थरकरी:
जोखीम आहे, पण ती एकाच ठिकाणी आहे. वाकडा कॉर्नर समोर-उजवीकडे धरा. एफ आणि आर या दोन्हींना खालून चिकटलेली बाजू ती डी. आर’ डी’ आर डी दोनदा किंवा चारदा, कॉर्नर सरळ होईपर्यंत. मग कोडं न वळवता फक्त यू फिरवून पुढचा वाकडा कॉर्नर त्याच जागी आणा. ही चार पावलं सहा वेळा झाली की कोडं जसंच्या तसं येतं, आणि वाकड्या कॉर्नरांचा पीळ मिळून नेहमी सहाच्या पटीतच आवर्तनं लागतात. म्हणून शेवटचा कॉर्नर सरळ होताच खालचं आपोआप जुळतं.

विस्कटतं ते तीन कारणांनी: मध्येच कोडं वळवलं, शेवटचा डी राहिला (कॉर्नर आरनंतरच सरळ दिसतो आणि हात थांबतो), किंवा डी म्हणून भलतीच बाजू फिरवली. आणि सगळं बरोबर करूनही एकच कॉर्नर वाकडा उरला तर तो हाताने पिळला गेलेला आहे. तो तसाच पिळून सरळ करा, सूत्राने तो सुटणार नाही.