विषय: बाबांचा पीसी मधेच बंद पडतोय, हार्डवेअरचं कुणाला कळतं का?

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलमधे हे घुसडू नको असं सेक्रेटरी ताईंनी सांगितलं म्हणून वेगळी मेल टाकतोय. आई-बाबा कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरला लागूनच घर. बाबा सोसायटीचा हिशोब पीसीवर करतात आणि हल्ली तो खटकन बंद होतो, आपला आपण परत चालू होतो, एक्सेलमधलं सेव्ह न केलेलं सगळं गेलेलं. दुकानवाल्याने आधी फॉरमॅट मारला, मग रॅम बदलली, पैसे घेतले, थोडे दिवस बरं चाललं की पुन्हा तेच. आता म्हणतोय मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या. बाबा म्हणतात ह्याला परत दारात उभा करणार नाही. मी इथून रिमोटने बघायला बसलो की नेमका तेव्हाच कनेक्शन जातं, मग आईला फोन, आणि आई म्हणते मला विचारू नकोस बाबा, मी त्याला हातच लावत नाही.

– उद्यमनगरवाला

---

भावा, मदरबोर्ड राहू दे बाजूला. पहिलं सांग, बंद पडताना निळा स्क्रीन येतोय का डायरेक्ट काळं? ह्यावर सगळं अवलंबून आहे. निळा आला तर विंडोज मरताना काहीतरी कोड सांगून मरतं, मग रॅम, ड्रायव्हर, डिस्क असं शोधत जाता येतं. डायरेक्ट काळं झालं तर विंडोजला बोलायलाच वेळ मिळालेला नसतो.

निळा स्क्रीन डोळ्याला दिसायच्या आत मशीन रिस्टार्ट होतं, म्हणून सिस्टीमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमधे स्टार्टअप अँड रिकव्हरी आहे, तिथली ऑटोमॅटिकली रिस्टार्टची टिक काढ. मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघड, सिस्टीमच्या लॉगमधे कर्नल-पॉवर ४१ दिसेल, दिसणारच. ते बघून लोक लगेच पॉवर सप्लाय बदलायला निघतात. अरे, ४१ म्हणजे नुसता पंचनामा, मयत सापडलं एवढंच सांगतो, कशानं गेलं ते नाही. त्याच्या डिटेल्समधे बगचेककोड, म्हणजे विंडोज मरताना सांगतं तो कोड, बघ, शून्य (म्हणजे काही सांगितलंच नाही) आहे का दुसरं काही. आणि सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधे मिनीडंप नावाचं फोल्डर (निळ्या स्क्रीनच्या नोंदी तिथं पडतात) आहे का, त्यात फायली आहेत का तेही सांग.

आणि महत्त्वाचं, बाबांना वेळ लिहून ठेवायला लाव. तारीख आणि वाजले किती, बास.

– मंगळवार पेठेतला काका

---

काका, मधेच बोलते. विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय, सरळ नवा लॅपटॉप घेऊन द्या ना, कशाला त्या डबड्याच्या मागे लागताय.

– ट्रेझरर ताई

---

ताई, सपोर्ट संपला म्हणून मशीन बंद पडत नसतंय, अपडेट यायचे थांबतात. ती काळजी वेगळी, ती पण करू. पण नवा पीसी आणून भिंतीवरच्या त्याच स्विचबोर्डाला लावला आणि तो पण पडायला लागला तर काय करणार?

– काका

---

काका, केलं सगळं. निळा कधीच येत नाही, टिक काढली तरी नाही. ४१ ची रांग लागलीय, सगळ्यांत बगचेककोड शून्य, मिनीडंप रिकामं. आणि बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलंय, पडतो तो दिवसा, रात्री जेवणानंतर क्वचितच. शेजारच्या वर्कशॉपला आठवड्याची सुट्टी असते त्या दिवशी एकदाही नाही! बाबांच्या हे आधीच लक्षात आलं होतं म्हणे, पण दुकानवाला हसला होता.

– उद्यमनगरवाला

---

बाबांना माझा रामराम सांग, निम्मं काम त्यांनीच केलंय.

शेजारी वेल्डिंग मशीन चालतंय का विचार, पण माझी खात्री आहे. मोठी मोटर किंवा वेल्डिंग सुरू झालं की क्षणभर व्होल्टेज खाली बसतं, ट्यूब फडफडते बघ तसं. आपल्याकडे २३० धरायचे पण त्या लायनीवर ते कुठं टिकतंय. आता तू म्हणशील यूपीएस आहे की, लाईट गेली की पीसीला बॅटरीवर चालवणारा डबा. आहे ना, तोच घोटाळा असणार. व्होल्टेज पडलं की यूपीएस बॅटरीवर उडी मारतो, आणि बॅटरी मेलेली असली तर उडी मारून खड्ड्यात. कधी कधी यूपीएस नसता तर पीसी तगला असता, कारण अगदी छोटा झटका पीसीचा सप्लाय स्वतः सोसतो.

टेस्ट सोपी. पीसी काढून यूपीएसला साधा ६० वॅटचा पिवळा बल्ब लावायचा, एलईडी नको, तो इतका कमी खातो की मेलेल्या बॅटरीवर पण पेटतो. मग भिंतीवरचं बटण बंद करायचं. पाच-दहा मिनिटं पेटला पाहिजे.

बल्ब टिकला तर मग पीसीचा पॉवर सप्लाय, एक्स्टेन्शन बोर्डातलं ढिलं पिन आणि अर्थिंग बघू. वायरमनकडून अर्थिंग तर तपासूनच घे, जुन्या घरांत भोक तीन असतात आणि वायर दोन.

– काका

---

काका, बल्ब एकदा लुकलुकला आणि गेला, यूपीएस नुसता टीं टीं ओरडत बसला. झाकण उघडलं तर बॅटरी दोन्ही बाजूंनी फुगलेली, बाहेर निघता निघेना. १२ व्होल्ट ७ एएचची नवीन टाकली, जुनी दुकानात एक्स्चेंजला घेतली. आज दिवसभर शेजारी वेल्डिंग चालू होतं आणि पीसी पण. वायरमन रविवारी येतोय.

बाबा विचारतायत आता प्रिंटर पण त्याच यूपीएसला लावू का?

– उद्यमनगरवाला

---

लेझर असेल तर अजिबात नको. आतला रोलर तापायला लागला की एकदम इतका करंट ओढतो की यूपीएस ओव्हरलोड होऊन बसेल, आणि दुकानवाला परत मदरबोर्ड विकायला येईल. इंकजेट असेल तर चालतंय, पण प्रिंट यूपीएसवर काढायची गरजच काय, लाईट आली की काढा म्हणावं. आणि हिशोबाची फाईल पेन ड्राइव्हवर घ्यायला सांग, आजच.

– काका