मदत हवी आहे : वडिलांशी मरणाविषयी कसं बोलावं?
नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्यात राहतो. जिवलग मित्राला संगम माहुलीला अखेरचा निरोप दिल्यापासून दादा (माझे वडील) सारखं म्हणतात, "शेवटी जायचंच, मग हे सगळं कशाला?" परसातली बाग सोडली, पेपरही उघडत नाहीत. तब्येत तशी ठणठणीत आहे. "असं अभद्र बोलू नका" म्हणून त्यांना गप्प करणं मला पटत नाही. प्रश्न खराच आहे. सज्जनगडावर ते नेमाने जायचे, म्हणून दासबोधातला मृत्यूवरचा समास (दशक ३, समास ९) वाचून दाखवला. "मरण कुणाला चुकत नाही हे ठाऊक आहे. जगायचं कशासाठी, ते सांग," म्हणाले. मला उत्तर सुचलं नाही.

तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना जगण्यात पुन्हा रस कशामुळे वाटला? साताऱ्यात यावर मोकळेपणाने बोलणारा ज्येष्ठांचा गट किंवा चांगले समुपदेशक माहीत असतील तर कृपया कळवा.