अनुभव धागा: मुंबई ते न्यूयॉर्क, अंतर किती आणि वेळ किती?

अंतर दाखवणारी संकेतस्थळं '१२,५०० किमी, १४ तास' सांगून मोकळी होतात. तिकिटावर मात्र थेट विमानाला जाताना सोळाच्या आसपास आणि येताना चौदा-साडेचौदा तास दिसतात. या मार्गाची खडान्‌खडा माहिती असलेल्यांनी लिहा. प्रवासवर्णन नको, आकडे हवेत.

नकाशेवाला
१२,५०० किमी म्हणजे पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलेलं अंतर. भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ अरबस्तान, आफ्रिका करत जाते. गोलावरचा दोरा मात्र वायव्येला चढत थेट आइसलंडच्या जवळून जातो. विमान त्या दोऱ्यावरून तंतोतंत उडत नाही. कुठे हवाई हद्द बंद असते (भारतीय कंपन्यांना पाकिस्तानची एप्रिल २०२५ पासून), कुठे वारा चुकवायचा असतो.

शेपटीचा वारा
खरा घोळ वाऱ्याचाच. साधारण १० किमी उंचीवर जेट प्रवाह, म्हणजे जोरदार वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी आणि वाटेतला वारा सरासरी ७० धरा. जाताना जमिनीवरचा वेग ८३०, म्हणजे पंधरा तास. येताना ९७०, म्हणजे तेराच्या आत. त्यात वळसा आणि धावपट्टीपर्यंतची रांग मिळवा, कारण वेळापत्रकातला वेळ गेट ते गेट असतो. हिवाळ्यात प्रवाह जोरात असतो, तेव्हा जाण्यायेण्यातला फरक आणखी वाढतो.

साडेदहा
निघायची आणि पोचायची वेळ नुसती वजा करू नका, न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या मागे असतं. मुंबईहून रात्री १:३० ला निघालात, १६ तास धरले, की भारतात संध्याकाळचे ५:३०. हिवाळ्यात त्यातून साडेदहा तास काढा: न्यूयॉर्कला सकाळचे ७, तारीख तीच. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊच काढायचे. परतताना एक तारीख उडते, रजा त्या हिशेबाने टाका.
आणि १५ तारखेचं १:३० चं विमान म्हणजे घरातून १४ च्या संध्याकाळी निघायचं! इथे भलेभले फसतात.

ट्रान्झिट
थांबा घेतल्याने अंतर फारसं वाढत नाही. लंडनमार्गे ७,२०० अधिक ५,५५०, म्हणजे जेमतेम अडीचशे किमी जास्त. दुबईमार्गे १,९५० अधिक ११,०००, साडेचारशेच्या आसपास. वेळ खातो तो विमानतळ. दोन तासांखालचा थांबा स्वस्त दिसला तरी माझ्या मते घेऊ नये. अबूधाबीमार्गे गेल्यास अमेरिकेचं इमिग्रेशन बहुधा तिथेच उरकतं. त्या रांगेसाठी वेळ ठेवा. न्यूयॉर्कला मग देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर.

साडेदहा
@ट्रान्झिट, एक भर: दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर हवेत. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसरी कंपनी सरळ 'नो शो' (प्रवासी आलाच नाही) लावते. बॅगही मध्येच उतरवून घ्यावी लागते, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो.