टेलच्या पाणी वापर संस्थेने विहिरींचं पाणीही हिशेबात धरावं का?

टेलचा_शेतकरी:
नमस्कार मंडळी. आमचं गाव एका मध्यम प्रकल्पाच्या कालव्यावर, चारीच्या (कालव्याच्या फाट्याच्या) अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था नोंदवली, खात्याबरोबर चारीची संयुक्त पाहणी झाली, चारी संस्थेच्या ताब्यात द्यायचं हस्तांतरण रखडलंय. रब्बीची दुसरी पाळी (कालव्याला ठरवून सुटणारं पाणी) आमच्यापर्यंत पोचतच नाही. परवा प्रशिक्षणात ‘एकात्मिक जल व्यवस्थापन’ शिकवलं: खोरं, धरण, भूजल, पिण्याचं पाणी सगळं एकत्र बघा. पटलं, पण गावात येऊन हात कशाला घालायचा? विहिरीवाले म्हणतात, आमचं पाणी आमच्या जमिनीतलं, संस्थेचा काय संबंध? काय सांगू त्यांना?

निवृत्त_शाखा_अभियंता:
दादा, त्यांना काही सांगू नका, दाखवा. लाभक्षेत्रातल्या आठ-दहा विहिरी निवडा. पाळी सुटायच्या आदल्या दिवशी टेपला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा, पाळी संपल्यावर परत मोजा. आकडे देवळाच्या भिंतीवर लिहा. कच्च्या चारीतून मुरलेलं पाणी कुठल्या विहिरीत चढलं ते सगळ्या गावाला दिसेल. माझी सगळी नोकरी कालव्यावर गेली. पाटाचं पाणी एका वहीत आणि विहिरीचं कुठल्याच वहीत नाही, हाच मोठा घोळ बघत आलोय.

नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर, ओझरच्या टेलच्या शेतकऱ्यांनी १९९० च्या सुमारास नेमकं इथेच बोट ठेवलं. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने तिथे तीन संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी ओहोळांवर बंधारे घातले, कालव्याचं पाणी त्यात अडवून विहिरी भरून घेतल्या आणि विहिरीवरच्या भिजवणुकीलाही संस्थेची पाणीपट्टी लावली. लोकांनी ती भरली, कारण पाणी वाढलेलं डोळ्यांना दिसत होतं. पुढे वरच्या गावांनीही संस्था केल्या आणि सबंध प्रकल्पाची एक संस्था झाली.

दुसरं काम चारीच्या तोंडाशी. तिथला फ्ल्यूम (वाहतं पाणी मोजायची बांधीव नाली) धड आहे का, गेजची, म्हणजे पाण्याची उंची दाखवणारी, पट्टी वाचता येते का, ते बघा. सेकंदाला १०० लिटरने चारी चोवीस तास चालली तर ८,६४० घनमीटर पाणी आलं. पाळीला ६ सेंटिमीटर खोल पाणी धरलं तर हेक्टरी ६०० घनमीटर लागतात, म्हणजे कागदावर १४ हेक्टर भिजायला हवं. प्रत्यक्षात नऊच भिजलं तर बाकीचं मुरलं की वरच्या अंगाला फुटलं, हे तुम्हालाच शोधता येईल. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यात संस्थेला घनमापनाने पाणी द्यायचं आहे आणि कुठलं पीक घ्यायचं हे ठरवायची मोकळीक आहे. मोजमापच नसेल तर हा हक्क मागणार कशाच्या जोरावर?

गोदाकाठ:
साहेबांचं खरं आहे, पण गावाची वही चोख असली तरी वरून पाणीच सुटलं नाही तर? आम्ही जायकवाडीखालचे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातल्या समन्यायी (वरच्या-खालच्यांना न्याय्य) वाटपाच्या कलमाखाली २०१४ साली ठरलं. २०१६ साली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. तरी टंचाईच्या साली भांडण ठरलेलंच. म्हणून पाळ्यांचं नियोजन करणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला तुमची संस्था आकडे घेऊन हजर असलीच पाहिजे.

सरपंच_ताई:
आणि पिण्याच्या पाण्याची विहीर विसरू नका हो. आमच्याकडे नळयोजनेची विहीर आणि चार बागायतदारांचे बोअर एकाच नाल्याकाठी. उन्हाळ्यात आधी आटते ती गावाची विहीर, आणि हंडे बायकांच्याच डोक्यावर येतात. हिवरे बाजारला पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि मग पिकं ठरतात. तसं संस्था आणि ग्रामपंचायत एकत्र बसवा.

टेलचा_शेतकरी:
विहिरी या पाळीपासूनच मोजतो. साहेब, एक राहिलं: गेज वाचायचं कोणी? पाटकरी (कालव्याचं पाणी सोडणारा खात्याचा माणूस) म्हणतो ते माझं काम.

निवृत्त_शाखा_अभियंता:
त्याला वाचू द्या, शेजारी तुमचा माणूस उभा करा. एक हेडचा (चारीच्या तोंडाकडचा), एक टेलचा, सकाळ-संध्याकाळ. तिघांची सही एकाच वहीत, आणि पान भरलं की मोबाईलवर फोटो. हस्तांतरणाच्या करारात पाण्याचा कोटा ठरवताना हीच वही पुढे ठेवा.