अनुभव धागा: डिमेन्शिया झालेल्या आपल्या माणसांना सांभाळताना

कोरांटी
आज वाल सोलायला बसले आणि पहिल्या मुठीलाच हात थांबला.

सासूबाई शेवटची तीन वर्षं पुण्यातल्या एका देखभाल केंद्रात होत्या. दिवसभर शांत. उन्हं कलली की उठून दाराशी. "घरी जायचंय मला, दिवेलागणीच्या आत पोचायला हवं, पोरं वाट बघत असतील." पोरं म्हणजे माझे मिस्टर आणि नणंद, दोघं साठीला आलेले. मी समजवायचे, "अहो आई, पोरं मोठी झाली, आता आपण इथेच राहतो." त्या माझ्याकडे अशा बघायच्या, जणू कुणा परक्या बाईनं त्यांना कोंडून घातलंय. एकदा कडी ओढून ओढून बोटं सोलून घेतली.

तिथे कामाला लातूरकडच्या एक मावशी होत्या. त्यांनी कधी "नाही" म्हटलं नाही. "जाऊ की आजी. एवढे वाल सोलू लागता का? मग निघू." पुढ्यात मोड आलेल्या वालांचं पातेलं. आईंना माझं नाव आठवत नव्हतं, पण चिमटीत धरून दाणा सुटकन बाहेर काढणं हाताला पाठ होतं. पातेलं संपेस्तोवर जेवणाची ताटं यायची. वाल नसले तर मेथी निवडायला, लसूण सोलायला. स्वयंपाकाची वेळ झाली आणि हात रिकामे, ही त्यांची खरी तगमग होती. मला ते कळायला दीड वर्ष लागलं, मावशींना आठवड्यात कळलं.

तुमच्याकडे कुणी असं काही केलं असेल तर लिहा.

शेवगा
रडवलंत सकाळी सकाळी. 🙏

सातारारोड
वडील एसटीत कंडक्टर, कराड डेपो. ही पाच वाजताची वेळ आमच्याकडेही. "ड्युटी लागलीय, ट्रे कुठाय?" आधी आम्ही भांडायचो, "आप्पा, रिटायर होऊन वीस वर्षं झाली." मग धाकट्यानं माळ्यावरून तिकिटांचा जुना ट्रे आणि पंच काढला, कोरे कागद कापून लावले. आप्पा घरभर तिकिटं फाडत फिरायचे, नातवंडं रांगेत. रात्री पलंगाशी नेऊन म्हणायचं, "मास्तर, शेवटचा स्टॉप आला." मग ते स्वतः डबल बेल दिल्यासारखं टक टक करून आडवे व्हायचे. जाऊन चार वर्षं झाली. ट्रे अजून शोकेसमध्ये आहे, आई कुणाला हात लावू देत नाही.

मनीमाऊ७२
कोरांटी, वालाला मोड कसे आणता? माझे नेहमी चिकट होतात.

लीड्सकर
मी इथे लीड्समध्ये केअर होममध्ये काम करते. आधी ज्या होममध्ये होते तिथे एक मराठी आजी होत्या. चाळीस वर्षं इंग्लंडमध्ये काढलेली बाई, पण आजार वाढला तसं इंग्रजी पार पुसलं गेलं आणि नुसतं मराठी उरलं. होतं असं बऱ्याच जणांचं, नंतर शिकलेली भाषा आधी जाते. फाइलवर शेरा होता, 'आक्रमक, ओरडतात, ढकलतात'. मी पहिल्या दिवशी खोलीत गेले तर त्या म्हणत होत्या, "एकीला जायचंय गं बाई, एकीला." किती महिने कुणाला कळलं नव्हतं! त्या रात्री घरी येऊन मी पोटभर रडले. मग दहा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून भिंतीला लावले: पाणी, एकी, दुखतंय, थंडी, बस, नको वगैरे. पंधरवड्यात ओरडणं थांबलं.

इथे अल्झायमर सोसायटीचा 'धिस इज मी' नावाचा फॉर्म असतो. माणसाला काय आवडतं, कशानं भीती वाटते, कोणत्या नावानं हाक मारायची, सगळं घरच्यांनी भरून द्यायचं. आपल्याकडे केंद्रात ठेवताना कुणी मागितलं नाही तरी साध्या वहीच्या पानावर लिहून द्या. चहात साखर किती, हेसुद्धा लिहा.

नदीकाठ
सासूबाईंना केंद्रात ठेवलं, तर लोक म्हणतात आईला टाकलं. नणंदेनं लग्नात सगळ्यांसमोर म्हटलं. आठ वर्षं घरी केलं ते कुणी पाहिलं नाही. गॅस सुरू ठेवायच्या, दोनदा घरातून निघून गेल्या. पुढचं लिहवत नाही.

सातारारोड
ताई, आठ वर्षं थोडी नसतात. ज्यांनी एक रात्र जागून काढली नाही त्यांचं मनावर घेऊ नका.

आभाळ
नदीकाठ, +१. २०२३ च्या लासी-डॅड अभ्यासाचा (भारतातल्या ज्येष्ठांमधल्या डिमेन्शियाची पाहणी) अंदाज आहे की भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे ७.४ टक्के. इतक्या घरांत हेच चाललंय, फक्त कुणी बोलत नाही.

केंद्र बघायला जाल तर संध्याकाळी जा. सकाळी सगळीकडे फिनेलचा वास आणि विंचरलेले केस असतात. बाबांना आधी ठेवलं होतं तिथे मी एकदा न सांगता सहाला गेलो, तर ओढणीनं खुर्चीला बांधलेले. "पडतील म्हणून," म्हणाले. त्याच रात्री घरी आणलं. आताच्या ठिकाणी रात्री किती माणसं असतात ते आधी विचारलं आणि कामवाल्या ताई बाबांना नावानं हाक मारतात का ते बघितलं.

शेवगा
अजून एक. अचानक दोन दिवसांत बिघडलं तर "आजार वाढला" म्हणून बसून राहू नका. आमच्या काकूंना एकाएकी भिंतीवर माणसं दिसायला लागली, लघवीचं इन्फेक्शन निघालं. औषधानं परत पहिल्यासारख्या झाल्या. आणि अगदी सुरुवातीला बी१२, थायरॉइड तपासाच, त्यानंही विसरायला होतं.

कोरांटी
मनीमाऊ, भिजवलेलं पाणी दोनदा बदला, मग निथळून सुती फडक्यात सैल बांधा. घट्ट गाठोडं केलं की चिकटतात.

बिनखांब
पहिल्यांदाच लिहितेय. माझे मिस्टर फक्त ५८ चे आहेत, निदान होऊन वर्ष झालं. रोज विचारतात, "आई कुठाय?" सासूबाई २००९ मध्येच गेल्या. मी खरं सांगते आणि ते दर वेळी आत्ताच कळल्यासारखे ढसाढसा रडतात. खोटं कसं बोलू त्यांच्याशी?

लीड्सकर
ताई, खोटं बोलू नका, पण ती बातमीही परत परत देऊ नका. तुम्हीच विचारा, "आईची आठवण येतेय का? कशा होत्या हो त्या?" आणि ऐकत बसा.

नदीकाठ
हो, हे करून बघा ताई. मी उशिरा शिकले.

मनीमाऊ७२
सैल बांधते आता. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. बिनखांब, नंबर जवळ ठेवा आणि इथे येत राहा.

बिनखांब
आत्ता रात्री विचारलं. अर्धा तास बोलत होते. त्यांची आई विहिरीवरून पाणी आणायची, दोन घागरी डोक्यावर, एक कमरेवर, आणि हे मागून पदर धरून चालायचे. २९ वर्षांच्या संसारात मला हे माहीत नव्हतं. रडले नाहीत. आता झोपलेत. भांडी पडलीत, घासून घेते, मग परत वाचते सगळ्यांचं.