तांबड्या भोपळ्याचा वेल आवरेना, कुठून आणि किती कापू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं घर चिपळूणजवळच्या एका गावात आहे. मागच्या परसात, शेणकीला (शेण साठवायच्या खड्ड्याला) लागूनच, पहिल्या पावसानंतर तांबड्या भोपळ्याच्या बिया टोकल्या होत्या. दोनच रोपं ठेवली, तरी आता ऑगस्ट संपताना परसात पाय ठेवायला जागा उरलेली नाही. एक फांदी कागदी लिंबावर चढली आहे आणि लिंबाचा शेंडा दिसेनासा झालाय. दुसरी गडगा (दगडी कुंपण) ओलांडून शेजारच्या काकूंच्या धुण्याच्या दगडापर्यंत पोचली आहे. काकू अजून काही बोललेल्या नाहीत, पण त्यांची अडचण होतेय हे मला दिसतं. त्यांच्या घरी रांगतं बाळ आहे. गडग्याच्या चिऱ्यांत फुरसं (विषारी साप) निघणं आमच्याकडे नवीन नाही, आणि एवढ्या दाट पाल्याखाली काय आहे ते वरून कळतच नाही. त्यामुळे गडग्याची बाजू मला लवकरात लवकर मोकळी करायची आहे.

अडचण अशी की गडग्यापलीकडच्या फांदीवरच एक फळ धरलंय, साधारण नारळाएवढं. बाकी वेलावर पिवळी फुलं भरपूर, पण बहुतेक नर. मादी फुलं येतात, त्यांच्या मागची हिरवी गोटी दोन-चार दिवस तकतकीत दिसते, मग टोकाकडून पिवळी पडून गळते. पानं मात्र सुपाएवढी, गर्द हिरवी. खत म्हणजे शेणकीतून झिरपेल तेवढंच, वेगळं काही घातलेलं नाही.

माझे प्रश्न:
फळ धरलेली फांदी फळ न गमावता कापता येईल का? लिंबावरून वेल उतरवताना लिंबाची कोवळी फूट मोडू नये म्हणून काय करावं? आणि गोट्या का गळतात? पाऊस रोज आहे, अधूनमधून दोन-तीन तासांची उघडीप मिळते. मुळापासून उपटून टाक असा सल्ला घरात मिळालाच आहे, पण तो मला मानवत नाही. गौरीच्या जेवणात आमच्याकडे घरच्या भोपळ्याची भाजी आणि घारगे लागतात, आणि सासूबाईंना तो भोपळा परसातलाच हवा असतो.

प्रतिसाद

ताई, उपटू नका. फळाच्या पुढे चार-पाच पानं ठेवा आणि त्यापुढचा शेंडा खुडून टाका. फळाला पोसायला ती पानं आणि फांदीवरची मागची पानं पुरतात. गडग्यापलीकडे फळाच्या आसपासचा भाग तेवढा राहू दे, बाकी सगळी बगलफूट बुडातून काढा. फळ उचलून गडग्यावर घेता येत असेल तर देठाला पीळ न देता हळूच घ्या आणि खाली नारळाचं सोडण (वरची काथ्याची साल) ठेवा. ओल्या चिऱ्यावर टेकलेलं फळ बुडाकडून कुजतं.

कापायला उघडीपीची सकाळ निवडा. भोपळ्याची फांदी आतून पोकळ असते. भर पावसात मधोमध कापली तर त्या नळीत पाणी साचून ती मागे मागे सडत जाते. पेराच्या अगदी जवळ, तिरका काप घ्या. विळ्यापेक्षा धारदार कात्री बरी. आणि पाल्यात थेट हात घालू नका, आधी लांब काठीने पाला हलवा, पायात गमबूट असू देत.

प्रतिसाद

लिंबाबद्दल सांगते. वेल ओढायचा नाही. ताणे डहाळीला इतके घट्ट गुंडाळलेले असतात की ओढलं की लिंबाची डहाळी सोबत येते. वेलाची फांदी खाली बुडाशी कापून तशीच सोडा. पाला मलूल झाला की तुकडे करून ताणे एकेक कात्रीने तोडत उतरवा. कापण्याआधी कोवळे शेंडे मात्र खुडून घ्या. वरची कुसं सोलून, लसूण-मिरचीवर परतून छान भाजी होते. नर फुलांची भजी करा, पण सगळी काढू नका, परागासाठी थोडी लागतात.

प्रतिसाद

गळणारी एक गोटी मधोमध चिरून बघा. आत पांढऱ्या अळ्या असतील तर फळमाशी. सालीवर बारीक टोचल्याची खूण आणि डिंकासारखा थेंबही दिसतो. अशा गोट्या शेणकीत टाकू नका, पाण्याच्या बादलीत बुडवून मारा किंवा खोल पुरा. सापळा लावायचा तर क्यू ल्यूरचा आणा. आंब्याला लावतात तो मिथाइल युजेनॉलचा सापळा भोपळ्याच्या माशीला चालत नाही. आपल्याकडे घरात आंब्याचा असतो म्हणून लोक तोच अडकवतात.

आत अळी नसेल तर परागीकरण झालेलं नाही. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि नऊ-दहापर्यंत मिटायला लागतं. तेवढ्या वेळात पाऊस असला तर मधमाशी फिरकत नाही आणि पराग भिजून वाया जातो. तेव्हा हातानेच करा. उद्या उमलणारी फुलं आदल्या संध्याकाळी ओळखू येतात, कळी पिवळी होऊन टोक सैल सुटतं. नर आणि मादी दोन्ही कळ्यांची टोकं दोऱ्याने हलकी बांधून ठेवा, म्हणजे रात्रीच्या पावसाने आतलं भिजणार नाही. सकाळी नर फूल खुडा, पाकळ्या काढा आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधल्या फुगीर भागावर सगळीकडून फिरवा. मग मादी फूल परत बांधा. धरलं असेल तर आठवड्याभरात गोटी ठळक वाढते.

पानांचा माज शेणकीमुळे आहे. नत्र जास्त झालं की वेल पाल्यावरच जातो. आता शेण किंवा स्लरी अजिबात नको, बुडापासून थोडं लांब चुलीची राख टाका. एका वेलावर दोन-तीन फळं पुरे, जास्त ठेवलीत तर सगळीच लहान राहतात.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. आज उघडीप मिळाली. काठी फिरवून गडगा मोकळा केला, फळ सोडणावर घेतलं. गोटी चिरली, अळी नाही. म्हणजे उद्यापासून हाताने पराग. काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "शेंडे टाकू नकोस हो, मला दे."

आता एकच विचारायचं आहे. मुख्य वेल आगराच्या बाजूला वळवून दोन पेरं मातीत दाबली आहेत. तिथे मुळं फुटेपर्यंत वरचा भाग हलू नये म्हणून दगड ठेवला तर चालेल, की बांबूच्या आकड्याने अडकवू? आणि देठ वाळून साल नखाने टोचेनाशी झाली की फळ काढायचं, हे गौरींपर्यंत शक्य दिसत नाही. अर्धवट तयार भोपळ्याचे घारगे कुणी केलेत का? गूळ किती कमी-जास्त करावा लागतो?